परतीच्या नळीतलं भोक

काकूंचं छत

पाणी आधी काकूंना दिसलं.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या खाली राहतात, वर आम्ही: मी, नवरा आणि हिवाळ्यापासून सासरे. दुपारी लाइट गेली होती. काकू खुर्चीत पाय वर घेऊन वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या, तर छताच्या मधोमध, दिव्याच्या भोवती, एक ओला गोल उमटला. आधी बशीएवढा. मग ताटाएवढा. मग त्याचा मध्य लोंबला आणि काकूंच्या मांडीवर टपकला.

मी कामावर होते. घरी सासरे होते, पण ते झोपले होते.

"छत नुकतंच रंगवलंय मी," काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "त्यांना काही बोलले नाही, वयाचा मान ठेवला. तुला सांगते. रविवारी सकाळी मी मेन स्विच बंद करणार आणि या छताखाली खुर्ची टाकून बसणार. एक थेंब पडला तर ती माशाची टाकी या घरातून जाईल. माणसं राहा खुशाल."

"काकू, मासा गेला तर माणूसही जाईल."

"ते तुमचं तुम्ही बघा."

मी वर आले. सासऱ्यांनी आपली पत्र्याची ट्रंक ओढत दाराशी आणून ठेवली होती. वरून दोरी बांधलेली. ती बांधायला त्यांना बराच वेळ लागला असणार, कारण पडल्यापासून त्यांचं उजवं मनगट नीट वळत नाही.

ते पडले त्यांच्या घरी, न्हाणीघरात, एकटे असताना. तरी इकडे यायला तयार नव्हते. शेवटी एका अटीवर आले: मासा बरोबर येईल. म्हणजे मासा, त्याची टाकी, टाकीचा पंप आणि पंपाचे पाइप, सगळी वरात.

"अण्णा, ट्रंक आत ठेवा."

"राहू दे. उगाच दोनदा उचलायची कशाला?"


खालची टाकी

ज्याने अशी टाकी पाहिली नाही त्याच्यासाठी: टाक्या दोन असतात. एक वर, दिवाणखान्यात मिरवणारी. तिच्यात चेकर. दुसरी तिच्या खालच्या कपाटात, लहान, कुणी बघत नाही अशी. वरच्या टाकीला कडेला एक सांडवा असतो. त्याच्यावरून पाणी ओसंडून पाइपने खाली येतं, खाली गाळलं जातं, आणि खालचा पंप ते परतीच्या नळीने पुन्हा वर नेतो. वरून खाली पाणी आपल्या मर्जीने येतं. खालून वर त्याला न्यावं लागतं.

चेकर हा ऑस्कर जातीचा मासा. दीड वीत लांब, राखाडी, अंगावर विटकरी डाग. सासरे जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. हा मासा कुणीही काचेजवळ आलं की तोंड वाकडं करून पुढे येतो, प्रत्येकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि समाधान न झाल्यासारखा मागे फिरतो. त्यामुळे दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं.

आणि मी डायलिसिसची मशीन चालवते. माणसाचं रक्त एका नळीने बाहेर येतं, गाळलं जातं, दुसऱ्या नळीने परत जातं. टाकी आमच्याकडे आली तेव्हा नवरा म्हणाला, माणूस बोलावू या जोडायला. मी म्हटलं, कशाला? गाळणी, पंप, परतीची नळी. हे तर माझंच खातं.

जोडली. छान जोडली. जुने पाइप धुऊन, नवे सांधे लावून.


अण्णांचे प्रश्न (टाकी येऊन थोडे दिवस झाले तेव्हाचे)

"रक्त बाहेर असतं तेव्हा गार पडत नाही?"

"मशीन ऊब देते."

"एका वेळी किती बाहेर असतं?"

"मोठा पेलाभर."

"आणि त्या माणसाला कळतं का, की आपलं पेलाभर रक्त बाहेर हिंडतंय?"

"माहीत नाही. कधी विचारलं नाही."

"मग विचारून ये ना."

विचारलं. एक बाई म्हणाल्या, कळत नाही, पण पाय गार पडतात. एक आजोबा म्हणाले, आत्तापर्यंत कळत नव्हतं, तू विचारलंस आणि कळायला लागलं.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णा हसून हसून खोकले. माझ्या कामाबद्दल पहिला प्रश्न सगळे विचारतात: भीती नाही वाटत? दुसरा प्रश्न या घरात तोवर कुणी विचारलाच नव्हता. अण्णांचे तर विसावे-बाविसावे चालू होते. दाराशी बांधलेली ती ट्रंक मला म्हणूनच बघवेना.


पंप

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं, तर आधी सांधे. प्रत्येक सांध्याला मी कोरडा टिशू पेपर गुंडाळला. ओला झाला की गुन्हेगार सापडला. पंप घूंघूं करत होता. पाणी वर जात होतं, खाली येत होतं. मी कपाटात डोकं घालून बसले.

सगळे कागद कोरडे.

"चोर घरात नाही," नवरा म्हणाला. तो नकाशे काढायच्या कचेरीत आहे. कुठलीही गोष्ट वरून बघायची सवय. "छत काकूंचं, पाणीही काकूंचं असेल."

"दुपारी काय वेगळं होतं?" अण्णांनी विचारलं.

"लाइट नव्हती. टाकी आल्यापासून पहिल्यांदाच गेली."

"मग घालव की लाइट."

मी पंपाचा स्विच बंद केला, आणि आम्ही तिघं काचेसमोर उभे राहिलो, चौथा काचेच्या आतून.

परतीच्या नळीचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली उघडतं. पंप चालू असला की त्या झोताने टाकीतली झाडं एका बाजूला झुकलेली असतात, वाऱ्यात असावीत तशी. स्विच बंद केल्यावर झाडं सरळ उभी राहिली. तेवढ्याने काही बिघडत नव्हतं. मग ती हळूच उलटी झुकली. नळीच्या तोंडाकडे.

"अगं," अण्णा म्हणाले, "ही तर उलटी प्यायला लागली."

जे तोंड पाणी देत होतं तेच आता ओढत होतं. वर पाणी उतरत होतं, खालच्या लहान टाकीत चढत होतं, चढत होतं, काठाला लागलं. मी स्विच दाबला. पंप घुंघुंला. पाणी मुकाट्याने वर परतलं, जसं काही झालंच नाही.

म्हणजे आमची टाकी चालू असताना गळत नव्हती. थांबली की सांडत होती.


पहिला एल्बो

उलटं जाणारं पाणी अडवायचं, एवढंच. माझ्या मशीनवर परतीच्या नळीला एक चिमटा असतो. काही बिनसलं की तो खटकन मिटतो आणि नळी बंद. पाइपवाल्यांकडेही त्याचा भाऊ मिळतो: एकेरी व्हॉल्व्ह, आत एक झडप, पाणी वर जाताना उघडते, उलटं यायला लागलं की आपटून बंद होते. तो बसवायला कपाटात जागा नव्हती, म्हणून एल्बो, म्हणजे काटकोनी सांधा, लावून पाइप आधी उजवीकडे वळवला आणि मग


दुसरा एल्बो

वर, आणि मग पुन्हा


तिसरा एल्बो

डावीकडे. प्रत्येक वळणावर पाणी थोडं दमतं, हे मला माहीत होतं. किती दमतं हे माहीत नव्हतं. व्हॉल्व्ह लावला, स्विच बंद केला: झडप टक्‌ करून मिटली, पाणी जागच्या जागी. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने टाळी दिली. मग स्विच चालू केला, आणि वरच्या टाकीत झोत आला तो असा, की झाडं नुसती विचार केल्यासारखी हलली.

चेकर त्या तोंडाजवळ जाऊन लटकला. मोठ्या माशाला फिरतं पाणी लागतं, त्यातूनच त्याला श्वास मिळतो. तो तोंड उघडत होता, मिटत होता.

"याची बस अर्ध्या घाटात बंद पडलीये," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी ट्रंकेची दोरी आणखी एकदा आवळली.


व्हॉल्व्ह

गुरुवारी मी पुन्हा स्विच बंद करून बघितला, खाली घमेलं लावून. टक्‌ आवाज आला नाही. झाडं उलटी झुकली.

व्हॉल्व्ह उघडला तर झडपेत पानाचा तुकडा. नखाएवढा. तेवढ्या फटीतून सगळं पाणी खाली यायला मोकळं.

"दुसरा लावते. एकावर एक."

"म्हणजे पानाचे दोन तुकडे लागतील," नवरा म्हणाला. "आणि आणखी तीन वळणं. मग पाणी वर जाणारच नाही, मग खाली सांडणारही नाही. काकू खूश."

"तू नकाशे काढ."

अण्णा काचेवर दोनदा बोट वाजवत होते. टक टक. त्यांच्या बसमध्ये घंटेचा एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन ठोके ऐकले की चेकर पुढे येतो. त्या दिवशी आला नाही.


जुनं घर

"मला एक सांग," अण्णा संध्याकाळी म्हणाले. "तिकडे तर रोज लाइट जायची. कधी कधी दिवसातून तीनदा. तिकडे का नाही सांडलं?"

मी हातातला पाइप खाली ठेवला.

"टाकी हीच होती?"

"हीच."

"पंप?"

"हाच. बदलला असता तर मी सांगितलं नसतं?"

"व्हॉल्व्ह होता का आत कुठे?"

"काही नव्हतं गं. दुकानातल्या माणसाने एका सकाळी येऊन लावून दिली, चहा प्यायला, गेला. नंतर त्याचं दुकानच उठलं."

"मग लाइट गेली की काय व्हायचं?"

"काय होणार. टाकी घोरायची."

"घोरायची म्हणजे?"

अण्णांनी डोळे मिटले, गालांत हवा धरली आणि आवाज काढला. कपातला शेवटचा चहा कुणी ओढून घ्यावा तसा. फुर्रर्र. मग थांबले.

"तेवढं झालं की गप्प. मी अंधारात पडल्या पडल्या ऐकायचो. घोरली की समजायचं, झोपली."

नवरा म्हणाला, "हो, मलाही आठवतं. लहान असताना मला वाटायचं, मासा घोरतो."

घोरायला नाक लागतं. हवा कुठून तरी आत यावी लागते. मी खुर्ची ओढली, वर चढले आणि परतीच्या नळीवरून अंगठा फिरवत गेले. पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली अंगठ्याला एक गाठ लागली. गुळगुळीत. घोटून घोटून बसवलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती गाठ मीच बसवली होती. जोडणी करताना पाइपला एक भोक दिसलं होतं, जाड सुई जाईल एवढं. मला वाटलं, सामान आणताना कुठे खिळा लागला असेल. दोन भागांची पुट्टी मळली, भोक बुजवलं, वरून बोटाने सारखं केलं. शिवाय नळीचं तोंड वरवर होतं, त्यातून बुडबुडे उठत होते, म्हणून पाइपचा तुकडा जोडून ते चांगलं वीतभर खोल नेलं होतं. बुडबुडा दिसला की मला बसवत नाही.


हवा

माझ्या मशीनवर परतीच्या नळीला एक डोळा असतो. तो फक्त हवा शोधतो. हवा दिसली की पंप थांबतो, चिमटा मिटतो, आणि मी असेन तिथून धावत येते. परतीच्या नळीत हवा गेली तर समोरचा माणूस जाऊ शकतो. हे मी झोपेतही विसरत नाही.

आता त्याच नळीला भोक. मुद्दाम. हवा आत यावी म्हणून.


भोक

कारण असं आहे, आणि ते कळल्यावर मला त्या उठलेल्या दुकानातल्या माणसाला काही विचारायची गरज उरली नाही. नळीचं तोंड जोवर पाण्यात आहे तोवर ते ओढत राहणार. मी तोंड खोल नेलं, म्हणजे वीतभर पाणी खाली जायची सोय केली. पण नळीला वर, पृष्ठभागाच्या अगदी खाली, एक बारीक भोक असेल, तर पाणी बोटभर उतरताच भोक उघडं पडतं, नळी हवा पिते, आणि ओढणं तिथेच तुटतं. पंप चालू असताना त्याच भोकातून पाण्याची एक चिळकांडी टाकीतच पडत राहते. त्याने कुणाचं काही जात नाही.

शनिवारी तिन्ही एल्बो काढले, व्हॉल्व्ह काढला, पाइप सरळ केला. सांध्यांना सोल्यूशन लावलं आणि ते पुरतं वाळेपर्यंत पंप चालू करायचा नाही असं ठरवलं. चेकरला तोवर हवेच्या छोट्या मोटारीवर ठेवला. पुट्टी दगडासारखी झाली होती, निघेना. म्हणून रविवारी सकाळी त्याच जागी पुन्हा ड्रिल.

पाइप अण्णांनी धरला. मी ड्रिल टेकवलं आणि हात थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. नको वाटतं."

"कशाला?"

"परतीची नळी आहे."

अण्णांनी पाइपवर बोट वाजवलं. टक टक.

भोक पडलं.

आम्ही पाइप बसवला, पंप चालू केला. झाडं पुन्हा वाऱ्यात झुकली. भोकातून केसासारखी बारीक धार निघाली. चेकर तळातून वर आला, धारेला नाक लावलं, मागे फिरला, पुन्हा आला. नवरा म्हणाला, "तिकीट मागतोय." मी खाली वाकून कपाटातली पातळी बघत होते. आता एकदा स्वतः बंद करून बघू, असं म्हणणार

तोच सगळं बंद झालं. पंप, पंखा, हवेची मोटार. काकू ठरलेल्या वेळेच्या आधीच बसल्या होत्या.


तोंड

अण्णांनी शुक्रवारीच खाली जाऊन काकूंना ठोके शिकवून ठेवले होते. थेंब पडला तर छताला एक ठोका, काठीने. नाही पडला तर दोन.

झाडं उभी राहिली. झाडं उलटी झुकली. खालच्या टाकीत पाणी चढायला लागलं.

माझ्या खिशात चिमटा असतो. कामावरचा, निळा, नळी दाबून बंद करायचा. पंपाजवळ पाइपचा तुकडा मऊ आहे, तिथे तो सहज बसला असता. एक खटका, आणि काकूंच्या छताला काहीही झालं नसतं. हात खिशात गेला होता हे मला अण्णांच्या नजरेवरून कळलं.

"लावणार?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. मी काय करते ते त्यांना खरंच बघायचं होतं.

पाणी काठाच्या चार बोटं खाली होतं.

"मी कामावर असताना कोण लावेल?"

"मी नाही लावणार. मी झोपतो दुपारी."

"मग नाही लावत."

तीन बोटं. नवरा गुडघ्यावर बसून खालच्या टाकीकडे बघत होता आणि एकदाही विनोद केला नव्हता. वर पाण्याचा पृष्ठभाग भोकाशी आला. तिथे एक खळगी पडली, लहान, फिरणारी. मग

फुर्रर्र.

नळीत बुडबुडे शिरले. एकामागून एक, परतीच्या नळीत, माझ्या डोळ्यांदेखत. माझे खांदे गजराची वाट बघत ताठ झाले. गजर झाला नाही. झाडं सरळ झाली. खालचं पाणी काठाच्या दोन बोटं खाली थांबलं आणि तिथेच थरथरत राहिलं.

"झोपली," अण्णा म्हणाले.

मग खालून ठोका आला. एक.

आम्ही तिघं फरशीकडे बघत राहिलो. कपाटाखाली कोरडं होतं. मी हाताने पुसून बघितलं, कोरडंच. तरी एकच ठोका. अण्णांची नजर दाराकडे गेली, ट्रंकेकडे.

मग दुसरा ठोका आला.


वरची टाकी

"दुसऱ्याला एवढा उशीर?" काकू वर आल्यावर नवऱ्याने विचारलं. "इथे आमचा जीव गेला."

"खुर्चीवर चढले होते मी. एक ठोका दिला, काठी दिव्यात अडकली." काकू दारातूनच आत डोकावत होत्या. "ते जाऊ दे. वर घोरलं कोण?"

"टाकी."

"माझी थट्टा करू नका."

"खरंच," मी म्हटलं. "नळीला भोक आहे, त्यातून हवा आत जाते."

"पाण्याच्या नळीला भोक पाडलंत, आणि म्हणून पाणी सांडलं नाही?"

"हो."

काकू आत आल्या. चपला काढायच्या विसरल्या. काचेशी उभं राहून त्यांनी मान उंच केली. त्या बुटक्या आहेत, त्यांचा डोळा जेमतेम टाकीच्या मध्यापर्यंत. चेकर पुढे आला, त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागला.

"हा असा काय बघतो? कुठंय भोक?"

"वर आहे. खुर्ची देते."

खुर्चीवर पाइपचे तुकडे आणि ओले फडके होते. मी ते उचलायला वळले, तोवर अण्णा दाराशी गेले होते. डाव्या हाताने त्यांनी ट्रंक धरली, फरशीवरून कर्रकर्र ओढत आणली आणि टाकीसमोर काकूंच्या पायाशी लावली.

"यावर उभ्या राहा. पत्रा जाड आहे."

काकू अण्णांचा खांदा धरून चढल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग हात आत घालून तर्जनी भोकावर ठेवली.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"हे बुजलं तर?"

"शेवाळ धरतं. आठवड्याला घासावं लागेल."

"कोण घासणार?"

"ज्याला दुपारी उद्योग नाही तो," अण्णा म्हणाले.

काकूंनी बोट काढलं, पुन्हा ठेवलं. मग मान न वळवता माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू खाली जा. मेन चालू कर. मी पाय आपटला की बंद कर. मला ते घोरताना बघायचंय."

"काकू, छत?"

"छताला काय धाड भरलीये. जा."

त्या दिवशी नवरा जिना किती वेळा चढला-उतरला ते त्याचं तो जाणे. ट्रंक तिथेच राहिली. दोरी पुढच्या रविवारी सुटली, कारण भोक घासायला जुना टूथब्रश हवा होता, आणि तो अण्णांनी आधीच आत बांधून टाकला होता.